वेल्ह्याचा उजेड आणि फोटोतले रंग

डिजिटल फोटोतला प्रत्येक ठिपका तीन आकड्यांचा असतो. एक आकडा लाल रंगाचा, एक हिरव्याचा, एक निळ्याचा. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये यातला प्रत्येक आकडा ० ते २५५ या मर्यादेत राहतो. तिन्ही शून्य झाले की काळे, तिन्ही २५५ झाले की पांढरे, आणि मधल्या जोडण्यांतून सुमारे १ कोटी ६७ लाख छटा तयार होतात. फोटो उजळ करायचा म्हणजे हे आकडे वर सरकवायचे. कॉन्ट्रास्ट वाढवायचा म्हणजे लहान आणि मोठ्या आकड्यांमधले अंतर ताणायचे. रंग बदलायचा म्हणजे तिघांचे आपसातले प्रमाण बदलायचे. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सरकपट्ट्या कितीही दिसोत, मूळ कामे एवढीच.

हिशेब सोपा आहे. कोणता आकडा किती हलवायचा, हे मात्र फोटो जिथे काढला त्या जागेच्या उजेडावर ठरते, आणि उजेडाच्या बाबतीत पुणे जिल्ह्यातला वेल्हे तालुका भलताच लहरी आहे. सरकारी कागदावर आता त्याचे नाव राजगड तालुका झाले आहे, पण बाजारात आणि एसटीत अजून वेल्हेच चालते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तोरण्याचा माथा ढगात असतो. पाऊस ओसरला की गडांवर सोनकी आणि तेरडा फुलतो. दिवाळीनंतर गवत पिवळे पडते. एप्रिल-मे महिन्यांत लग्नसराई असते आणि हवेत धुरळा व वणव्याचा धूर भरून राहतो. एकाच कॅमेऱ्याने वर्षभर इथे काम करणाऱ्याला चार वेगवेगळ्या मुलखांत काम केल्यासारखे वाटते. पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम करणारे स्टुडिओवाले, गडावर येणारे ट्रेकर, पिकाचा फोटो काढून कृषी सल्लागाराला पाठवणारे शेतकरी, या सगळ्यांचा याच उजेडाशी सामना असतो.

रंगाच्या आधी उजेड बघावा, हा या कामातला पहिला नियम. उजेड चुकलेला असताना रंग दुरुस्त करायला गेले की दोनदा काम करावे लागते, कारण फोटो उजळ किंवा गडद केल्यावर रंगही वेगळे दिसू लागतात. उजेड बघण्याचे साधन म्हणजे हिस्टोग्राम. या आलेखात डाव्या टोकाला काळे, उजव्या टोकाला पांढरे, आणि प्रत्येक पातळीवर किती ठिपके आहेत ते उभ्या उंचीने दाखवलेले असते. डोळा स्क्रीनला फसतो, हिस्टोग्राम फसत नाही. आलेख उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला असेल तर तिथले पांढरे ‘उडालेले’ असते. तिथे २५५ शिवाय काहीच नोंदलेले नाही, आणि नसलेली माहिती कोणत्याही सरकपट्टीने परत येत नाही.

पावसाळ्यातल्या तोरण्याचा हिस्टोग्राम एकदा पाहिला की विसरत नाही. वेल्हे गावाकडून गड चढताना बिनी दरवाजाच्या आसपास धुके लागले की आलेखाची दोन्ही टोके रिकामी होतात आणि सगळे ठिपके मध्यावर गोळा होतात. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे असावे असे धरून चालतो. समोर पांढरे धुके असले की तो ते करडे करून टाकतो. म्हणून धुक्यातले फोटो मळलेल्या चादरीसारखे येतात. यावरचा उपाय खरा तर फोटो काढतानाच आहे: एक्स्पोजर एक टप्पा वाढवून घेणे. एक टप्पा म्हणजे दुप्पट उजेड. तसे केलेले नसेल तर एडिटिंगमध्ये एक्स्पोजर वाढवावे आणि आलेखाचा मधला ढीग उजवीकडे न्यावा, पण भिंतीला लागू देऊ नये.

इथे बहुतेक जण एक घाई करतात. टोके रिकामी दिसली की लेव्हल्समधले काळे आणि पांढरे टोक ओढून आलेख पूर्ण रुंद करतात. सॉफ्टवेअरचे ‘ऑटो’ बटणही तेच करते. आलेख भरतो आणि धुके नाहीसे होते. त्याच्या जागी कडक काळ्या रेघांचा, पावसाशी संबंध नसलेला एक फोटो उरतो. धुक्याला कॉन्ट्रास्ट कमीच असतो. त्याच्या हिस्टोग्रामने दोन्ही टोके गाठलीच पाहिजेत असा काही कायदा नाही. जवळचा एखादा दगड, झाडाचे खोड, माणसाचे ओले केस, एवढेच खऱ्या अर्थाने गडद असते. तेवढ्याच भागात काळे थोडे खोल केले की मागचे धुके आपोआप पांढरे आणि हलके वाटते.

धुके उतरून ऊन पडले की अडचण उलटी होते. सह्याद्रीचा बेसॉल्ट काळा, आणि ओला असला तर आणखी काळा. त्याच्यामागे उघडे आकाश. राजगडाच्या संजीवनी माचीवरच्या चिलखती तटबंदीत, दोन भिंतींच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत उभे राहून फोटो काढला की भिंतीचा आतला भाग आणि वरची आकाशाची पट्टी यांच्या उजेडात कॅमेऱ्याला न पेलणारे अंतर असते. भिंत दिसेल असा उजेड घेतला तर आकाश उडते, आकाश जपले तर भिंत काळी पडते.

अशा वेळी रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने नोंदलेली मूळ माहिती, उपयोगाला येते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात, तर १२ बिटच्या रॉमध्ये ४,०९६ आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. पण या पातळ्या सारख्या वाटलेल्या नसतात, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सेन्सर उजेड सरळ मोजतो. त्यामुळे ४,०९६ पैकी २,०४८ पातळ्या सगळ्यात उजळ टप्प्यात जातात, १,०२४ त्याखालच्या टप्प्यात, ५१२ त्याखाली. असे निम्मे निम्मे होत सगळ्यात गडद टप्प्याच्या वाट्याला मोजक्या पातळ्या येतात. म्हणून तटबंदीचा काळा भाग शॅडोची सरकपट्टी ओढून उजळ केला की दगडाऐवजी लाल-हिरवे दाणे वर येतात. आकाश उडणार नाही इतपतच, पण शक्य तितका जास्त उजेड फोटो काढतानाच घ्यावा आणि नंतर संगणकावर तो खाली आणावा, ही शिस्त याच गणितातून आली आहे. जेपेगमध्ये तर ही दुरुस्ती आणखी लवकर हात टेकते. संध्याकाळी तोरण्यामागे सूर्य गेल्यावरचे आकाश ताणले की गुळगुळीत छटेच्या जागी पट्टे पडतात.

ब्राइटनेस आणि एक्स्पोजर या दोन सरकपट्ट्या नवशिक्याला सारख्याच वाटतात. एक्स्पोजर सगळ्या उजेडाला गुणते, म्हणून त्याने उजळ भाग लवकर उडतो. आजच्या सॉफ्टवेअरमधला ब्राइटनेस मुख्यतः मधल्या छटा हलवतो आणि टोकांना सांभाळतो. हे नेहमीच असे नव्हते. जुन्या फोटोशॉपमध्ये ब्राइटनेस वाढवणे म्हणजे प्रत्येक आकड्यात सरसकट तेवढीच भर घालणे होते. त्याने काळे करडे होत आणि पांढरे उडत असे. २००७ सालच्या सीएस३ आवृत्तीपासून ही पद्धत बदलली. जुन्या कारागिरांना ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या खिडकीचा अजून तिटकारा आहे तो त्यामुळेच, आणि ते थेट कर्व्ह्ज उघडतात.

कर्व्ह्ज शिकायला वेळ लागतो, पण एकदा हात बसला की बाकीच्या सरकपट्ट्या निम्म्याने सुटतात. चौकोनात एक तिरपी रेघ असते: आडव्या अक्षावर फोटोतला मूळ उजेड, उभ्या अक्षावर नवा. रेघेचा मध्य वर उचलला की मधल्या छटा उजळतात. वरचा भाग थोडा वर आणि खालचा थोडा खाली ओढून रेघेला एस अक्षराचा आकार दिला की कॉन्ट्रास्ट वाढतो. रेघ जिथे उभी होते तिथे तपशील उठून दिसतो आणि जिथे आडवी होते तिथे दबतो. कॉन्ट्रास्ट फुकट मिळत नाही. मधल्या छटांना तो दिला तर टोकाच्या छटांकडून काढून घ्यावा लागतो. भाताच्या खाचरांचा फोटो असेल तर तो मधल्या हिरव्यात हवा असतो, कड्याचा असेल तर गडद भागात. एकच ‘प्रीसेट’ दोन्हींना लावणाऱ्याच्या हातात दोन्ही बिघडतात.

कर्व्ह्जचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. लाल, हिरवा, निळा या तिघांवर एकत्र एस आकार दिला की रंगही भडक होतात, कारण तिन्ही आकड्यांमधले अंतर ताणले जाते. चेहऱ्याच्या फोटोत यामुळे गाल तांबडे होतात आणि फोटोवाला मग सॅच्युरेशन कमी करत बसतो. कर्व्ह्जचा लेयर ‘ल्युमिनॉसिटी’वर ठेवला की फक्त उजेड बदलतो, रंग जागेवर राहतात.

आता रंग. त्याची सुरुवात व्हाइट बॅलन्सपासून, म्हणजे उजेडाचा रंग फोटोतून वजा करण्यापासून, होते. उजेडाला स्वतःचा रंग असतो आणि तो केल्विनमध्ये मोजतात: घरातला जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब साधारण २,७०० ते ३,०००, दुपारचे ऊन ५,५०० च्या आसपास, ढगाळ हवा ६,५०० आणि निळ्या आकाशाखालची गर्द सावली ७,००० च्या वर. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. सकाळी वेल्हे गावातून तोरण्याकडे पाहिले की कडा उन्हात उबदार दिसतो. दुपार कलली की सूर्य गडाच्या मागे सरकतो आणि तोच कडा आकाशाच्या उजेडात निळा पडतो. दोन्ही फोटोंत दगड एकच असतो.

व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर कुठेतरी रंगहीन जागेवर टेकवावा लागतो. पुस्तके करड्या कार्डाचा सल्ला देतात. कार्ड कमी खर्चाचे आहे आणि लग्नाच्या कामाला जाणाऱ्याने ते पिशवीत ठेवावेच. पण गडावर, शेतात, अचानक काढलेल्या फोटोत कार्ड नसते. तिथे जागेतलेच संदर्भ शोधावे लागतात, आणि वेल्ह्यात ते भरपूर आहेत. कोरडा, उघडा, शेवाळ नसलेला बेसॉल्ट रंगहीन करड्याच्या बराच जवळ जातो. म्हाताऱ्या माणसाची पांढरी टोपी जवळ जाते, पण नीळ घातलेली असेल तर नाही, आणि नीळ बहुधा असतेच. ॲल्युमिनियमचे पातेले सावलीत चालते, उन्हात आजूबाजूचे रंग दाखवते. धुके आणि ढग मात्र कधी वापरू नयेत. ते कधी कधी उडालेले असतात, आणि नसले तरी ढगाळ दिवसाचा थंडपणा त्यांच्यातच असतो. तो काढून टाकला की जुलैची दुपार मार्चसारखी दिसते. ओल्या कातळावर ड्रॉपर टेकवताना तीन-चार ठिकाणी टेकवून पाहावे, कारण ओला दगड वरचे आकाश आणि शेजारची हिरवळ दोन्ही परत फेकतो.

हिरव्या रंगाची गोष्ट वेल्ह्यात वेगळी सांगावी लागते, कारण वर्षातले चार-पाच महिने फोटोचा बहुतेक भाग तोच व्यापतो. माणसाच्या डोळ्याला उजेडाची जाणीव सगळ्यात जास्त हिरव्यातून होते. नेहमीच्या स्क्रीनच्या गणितात उजळपणाचा सुमारे ७२ टक्के वाटा हिरव्याचा, २१ टक्के लालचा आणि जेमतेम ७ टक्के निळ्याचा धरला जातो. म्हणूनच कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट मिळवलेल्या सेन्सरच्या रचनेत एका लाल आणि एका निळ्या ठिपक्यामागे दोन हिरवे ठिपके असतात. आजचे जवळजवळ सगळे कॅमेरे आणि फोन त्याच रचनेवर चालतात.

जुलैत गुंजवणीच्या खोऱ्यात भातलावणी चाललेली असताना काढलेला एखादा फोटो घ्यावा. त्यात निदान चार हिरवे असतात. खाचराच्या कोपऱ्यात बांधून ठेवलेल्या रोपांच्या मुठी पिवळसर पोपटी. लावून आठवडा झालेले शेत जरा फिकट, कारण रोपे अजून मुळे धरत असतात. बांधावरचे गवत भरडे, गडद. मागच्या डोंगरावरची झाडी जवळपास काळी-निळी. फोनमधला कॅमेरा आपल्या मनाने सॅच्युरेशन वाढवतो आणि हे चारही हिरवे एका रांगेत आणून बसवतो. त्यावर कोणी आणखी सॅच्युरेशन वाढवले की शेत आणि डोंगर यांच्यातली रेघच पुसली जाते. भात पिकवणाऱ्याला असा फोटो दाखवला तर तो विचारतो, युरिया किती टाकलाय? प्रश्न चेष्टेचा असला तरी बरोबर आहे. भाताच्या पानाचा हिरवेपणा नत्राचा हिशेब सांगतो, आणि एडिटिंगमध्ये तो वाढवणे म्हणजे फोटोतल्या शेताला न दिलेले खत देणे.

यावर उपाय सरसकट सॅच्युरेशनचा नाही. रंगनिहाय सरकपट्ट्या उघडाव्यात आणि हिरवा व पिवळा वेगवेगळे हाताळावेत. शेतातल्या कोवळ्या हिरव्यात प्रत्यक्षात पिवळ्याचा वाटा इतका असतो की हिरव्याची पट्टी हलवून फारसे काही होत नाही आणि पिवळ्याची हलवली की शेत लगेच बदलते. कॅमेऱ्याने हिरवा निळ्याकडे ढकलला असेल तर त्याची छटा पिवळ्याकडे थोडी परत आणावी, मग त्याचा उजळपणा किंचित कमी करावा. उजळपणा कमी केल्याने रंग दाट वाटतो आणि सॅच्युरेशनला हात लावण्याची गरज बहुधा राहत नाही. डोंगरावरच्या झाडीला वेगळा मास्क घालून ती जरा निळसर राहू दिली की खोऱ्याची खोली परत येते.

पिकाच्या रोगाचा फोटो असेल तर कोणतीच सरकपट्टी हलवू नये, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. करपा पडलेल्या भाताच्या पानावर दोन्ही टोकांना निमुळते होणारे ठिपके असतात, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी. कडा करप्यात पान कडेपासून पिवळे-पांढरे पडत वाळते. सल्लागार हे फरक रंगावरूनच ओळखतो. फोनचे ‘ब्युटी’ किंवा ‘एआय’ बंद करून, सावलीत, पानाशेजारी पांढरा कागद धरून फोटो काढावा आणि व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे वाटेत तो आणखी दाबला जात नाही.

सप्टेंबर उजाडला की सोनकीची पाळी येते. गडाच्या उतारावर पसरलेला हा पिवळा रंग डोळ्याला साधा वाटतो, पण फोटोत हमखास फुटतो. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा दोन्ही चढलेले. उन्हात या दोघांचे आकडे आधी २५५ ला टेकतात, निळा मात्र खालीच राहतो. एकत्रित हिस्टोग्राम सुरक्षित दिसतो आणि फुलांच्या पाकळ्या मात्र सपाट पिवळा डाग झालेल्या असतात. म्हणून फुलांच्या फोटोत तीन रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहावेत. लग्नातल्या हळदीच्या फोटोंचेही हेच दुखणे आहे. कारवी फुलते त्या वर्षी निळसर जांभळ्याची तक्रार येते. कॅमेरा ती फुले कधी निळी करतो, कधी गुलाबी. तिथे जांभळ्याची छटा हाताने, डोळ्यासमोर एखादे फूल ठेवून जुळवण्याला पर्याय नाही.

उन्हाळ्यातल्या धुरकट हवेसाठी ‘डीहेझ’ नावाची सरकपट्टी अॅडोबीने २०१५ साली आणली आणि गडाच्या फोटोंचे रूप रातोरात बदलले. हवेतले बारीक कण लांबचा कॉन्ट्रास्ट कमी करतात आणि निळा उजेड जास्त पसरवतात. डीहेझ तो गमावलेला कॉन्ट्रास्ट अंदाजाने परत भरते. तोरण्यावरून राजगड, किंवा राजगडावरून सिंहगड, असे लांबचे फोटो यामुळे वाचतात. हेलिकॉप्टरमधून काढलेल्या गडांच्या फोटोंना ही अडचण आणखी जाणवते. उद्धव ठाकरे यांचे ‘महाराष्ट्र देशा’ हे हवाई छायाचित्रांचे पुस्तक २०१० सालचे, म्हणजे ही सरकपट्टी येण्याच्या आधीचे. त्या काळात हे काम कर्व्ह्जने आणि योग्य ऋतूची वाट पाहूनच करावे लागे. धुरकट हवेचा हा उपाय पावसाळी धुक्याला लावू नये. धुक्याचे थेंब मोठे असतात आणि सगळे रंग सारखेच पसरवतात. त्यावर डीहेझ चालवले की कड्यांभोवती घाणेरडी जांभळट किनार येते. शिवाय लांबचा डोंगर फिका दिसतो म्हणूनच तो लांब वाटतो. सगळे डोंगर सारखेच काळे केले की खोऱ्याची भिंत होते.

स्टुडिओचे पोट भरते ते मात्र लग्नांवर. गावातला मांडव म्हणजे व्हाइट बॅलन्सची कसोटी: वर पिवळे किंवा गुलाबी कापड, त्यातून गाळून येणारे ऊन, बाजूला एलईडीच्या माळा, व्हिडिओवाल्याचा वेगळाच दिवा. नवरीच्या एका गालावर एक रंग, दुसऱ्यावर दुसरा. इथे एकच व्हाइट बॅलन्स सगळ्या फोटोला लावून भागत नाही. चेहरा धरून तो जुळवावा आणि मांडवाचे कापड जसे येईल तसे येऊ द्यावे. अल्बम बघणारे कापडाकडे नाही, चेहऱ्याकडे बघतात. त्वचेच्या आकड्यांत लाल सगळ्यात वर, हिरवा मध्ये आणि निळा सगळ्यात खाली असतो. माणूस गोरा असो वा सावळा, हा क्रम बदलत नाही, फक्त उजेड बदलतो. हिरवा लालच्या जवळ आला तर चेहरा आजारी दिसतो, निळा वर चढला तर गार पडल्यासारखा. रंग भरायचा असेल तर सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स वापरावा. तो आधीच भरलेल्या रंगांना आणि त्वचेच्या छटांना कमी हात लावतो.

याच ठिकाणी गिऱ्हाईक सांगते, ‘जरा गोरी करा.’ बायोडेटाचा फोटो असला की हे वाक्य हमखास येते, आणि बहुतेक वेळा ते मुलीचे आईवडीलच बोलतात. सरकपट्टी ओढायला दोन सेकंद पुरतात. पण मधल्या छटा तेवढ्या उचलल्या की नाक, गालाचे हाड, हनुवटीची सावली सगळे सपाट होते आणि चेहऱ्याची ओळखच जाते. मान आणि हात मात्र मूळ रंगाचे राहतात. फोटोच्या तंत्राला हा पूर्वग्रह जुनाच आहे. कोडॅकच्या लॅबमध्ये प्रिंटचा रंग जुळवण्यासाठी अनेक वर्षे जी नमुना कार्डे वापरली जात, त्यांवर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. त्या मापाने छापलेल्या प्रिंटमध्ये सावळ्या चेहऱ्यातला तपशील बुडायचा. उलट दिशेचा प्रकारही गाजला आहे: २७ जून १९९४ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर कृष्णवर्णीय अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनचा पोलिसांनी काढलेला फोटो गडद करून छापला, आणि त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तोच फोटो तसा न करता छापल्याने फरक सगळ्यांना दिसला. सावळ्या चेहऱ्याला हवा असतो तो समोरून पुरेसा उजेड आणि सावल्यांमध्ये थोडा कॉन्ट्रास्ट. भुवयांखाली, ओठांखाली पडलेली काळी सावली हलकी उचलली की चेहरा खुलतो आणि रंग त्याचाच राहतो. गिऱ्हाइकाला हे दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवावेत. बरेच जण मग दुसराच निवडतात. जे निवडत नाहीत त्यांच्याशी वाद घालण्यात स्टुडिओवाल्याचा फायदा नसतो, हेही खरे.

जुन्या फोटोंचे काम वेगळ्या धाटणीचे. पानशेत आणि वरसगावच्या धरणांनी आंबी आणि मोसे नद्यांच्या खोऱ्यांतली गावे पाण्याखाली घेतली, आणि त्या वेळची माणसे अनेक घरांत भिंतीवरच्या एका फोटोपुरती उरली आहेत. दमट हवेने तो फोटोही पिवळा पडतो, काचेला चिकटतो. काळ्यापांढऱ्या फोटोला स्कॅन केल्यावर आधी करडे करून घ्यावे, म्हणजे पिवळेपणाचा प्रश्न मिटतो. मग लेव्हल्सने काळे टोक बसवावे. इथे पूर्ण काळे हा अट्टहास नको. जुन्या प्रिंटमधले सगळ्यात काळे ठिपके बहुधा डाग असतात, केस नव्हे. रंगीत प्रिंट असेल तर तिन्ही रंगांचे लेव्हल्स वेगवेगळे लावावे लागतात. अल्बममध्ये बंद राहिलेल्या जुन्या रंगीत प्रिंटमध्ये अनेकदा निळसर रंगद्रव्य आधी फिके पडते आणि सगळा फोटो लालसर होतो. लाल रंगाच्या हिस्टोग्रामचे काळे टोक आत ओढले की साडीचा हिरवा आणि आकाशाचा निळा अचानक परत येतात. या कामात यापेक्षा मोठे समाधान क्वचित मिळते. काळ्यापांढऱ्या फोटोंना आपोआप रंग भरणारी ॲप आता फोनवर मिळतात. आजीचे लुगडे ती मनाने निळे ठरवतात. घरातल्या कोणाला खरा रंग आठवत असेल तर आधी विचारावे, नसेल तर फोटो काळापांढराच ठेवलेला बरा.

हे सगळे ज्या स्क्रीनवर ठरते तिच्याकडे मात्र कोणी बघत नाही. पावसाळ्यात वेल्ह्यात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि बरेचसे लॅपटॉप स्क्रीन आपोआप मंद करतात. मंद स्क्रीनवर फोटो गडद दिसतो, म्हणून तो उजळ केला जातो, आणि वीज आल्यावर तोच फोटो फटफटीत निघतो. उलट, स्क्रीनचा उजेड पूर्ण चढवून काम केले की फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो आणि छापून आलेला अल्बम काळपट येतो. लॅबच्या नावाने ओरडण्याआधी हे तपासावे. आपोआप बदलणारा उजेड बंद करावा, रात्रीचा पिवळा मोड बंद करावा, खिडकीचे ऊन स्क्रीनवर पडू देऊ नये. फाइल लॅबला देताना एसआरजीबी या रंगप्रणालीत द्यावी. ही प्रणाली १९९६ मध्ये ठरली, आणि बहुतेक फोन, वेबसाइट व छापणाऱ्या लॅब तीच धरून चालतात. अॅडोबी आरजीबीमध्ये दिलेली फाइल तिथे अनेकदा फिकी छापली जाते.

किती एडिटिंग चालेल याचे उत्तर फोटो कशासाठी आहे यावर बदलते. लग्नाच्या अल्बमला एक सूट, पासपोर्ट फोटोला दुसरी. गडाच्या फोटोंना ती आता कमी राहिली आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि त्यात राजगड आहे. तोरणा त्या यादीत नाही. बुरुजाचा कोणता दगड नवा बसवला, कुठे चुन्याचा दर्जा बदलला, कोणत्या भिंतीत झाड रुजले, हे पुढे जुन्या फोटोंवरूनच ताडून पाहिले जाईल. ज्या फोटोत दगडाला नारिंगी संध्याकाळ चढवली आहे तो या कामाला उपयोगी पडत नाही.

म्हणून गडावर जाणाऱ्या प्रत्येकाने दोन फाइली ठेवाव्यात: आपल्या आवडीप्रमाणे रंगवलेली एक, आणि कॅमेऱ्यातून जशी आली तशी, तारीख आणि जागेचे नाव लिहून ठेवलेली दुसरी. आणि अल्बम पूर्ण छापायला देण्याआधी चार बाय सहाची एक प्रिंट काढून ती दिवसाउजेडी दारात नेऊन पाहावी. स्क्रीनने लपवलेली बहुतेक चूक तिथेच दिसते आणि दुरुस्त करायला अजून वेळ असतो.